ड्रायव्हरचा ऑफ-ॲक्सिस प्रतिसाद मोजताना : कोन सोडून बाकी काहीही हलता कामा नये

प्रश्न थोडक्यात असा : साडेसहा इंची वूफर आणि २५ मिलिमीटरचा डोम ट्विटर २० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल कॅबिनेटमध्ये बसवले आहेत. क्रॉसओव्हर (खालचे स्वर वूफरला आणि वरचे ट्विटरला वाटून देणारे सर्किट) आखण्यासाठी दोन्ही ड्रायव्हरचा, म्हणजे ध्वनी काढणाऱ्या या दोन घटकांचा, अक्षाबाहेरचा, म्हणजे ऑफ-ॲक्सिस, प्रतिसाद घरच्या खोलीत मोजायचा आहे. समोरून घेतलेला आलेख दरवेळी जुळतो, पण ४५ आणि ६० अंशांचे आलेख दरवेळी वेगळे येतात. माईक फिरवायचा की स्पीकर, अंतर किती, कोन किती घ्यायचे? आणि एवढा खटाटोप टाळून डेटाशीटवरचे ३० आणि ६० अंशांचे आलेख वापरले तर?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. डेटाशीटवरचे आलेख ड्रायव्हर निवडायला उपयोगी आहेत, क्रॉसओव्हर आखायला नाहीत. ते बहुधा मोठ्या सपाट बॅफलवर (ड्रायव्हर ज्यात बसवतात त्या समोरच्या फळीवर) घेतलेले असतात. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या प्रमाणित बॅफलचे माप १६५० गुणिले १३५० मिलिमीटर आहे. तुमचा बॅफल २० सेंटिमीटर रुंद. त्याच्या कडांवरून होणारे विवर्तन एक ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आलेखाचा आकारच बदलून टाकते, आणि नेमका तिथेच तुमचा क्रॉसओव्हर येणार. त्यामुळे ड्रायव्हर तुमच्याच कॅबिनेटमध्ये, आहे त्याच जागी, स्क्रू आवळून, एकेक करून मोजायचा. दुसरा ड्रायव्हरही त्याच्या भोकात बसलेला हवा, फक्त त्याला सिग्नल द्यायचा नाही. भोक उघडे ठेवून घेतलेले मापन फुकट जाते.

मोजण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ६० अंशांचा आलेख एकटा फारसे काही सांगत नाही. तो शून्य, ३० आणि ९० अंशांच्या आलेखांशेजारी ठेवला की बोलतो. सगळ्या आलेखांत सारखीच एक डेसिबलची चूक असेल, तर ती एकमेकांशी तुलना करताना आपोआप कटते. माईकचे कॅलिब्रेशन थोडे उन्नीसबीस असेल तर तेही कटते, कारण माईक प्रत्येक वेळी ड्रायव्हरकडे तोंड करूनच उभा असतो. (त्यामुळे कॅलिब्रेशनची शून्य अंशांचीच फाईल वापरायची. ९० अंशांची फाईल माईक छताकडे रोखून मोजताना लागते.) पण एका कोनापासून दुसऱ्या कोनापर्यंत जाताना अंतर, पातळी, वेळेचा शून्यबिंदू किंवा गेट (खोलीची परावर्तने पोचण्याआधी मापन कापणारी वेळेची खिडकी) यांतले काहीही हलले, तर ती चूक कुठेच कटत नाही, आणि वर ती ड्रायव्हरच्या गुणधर्मासारखी दिसते. तुमचे ६० अंशांचे आलेख असेच बिघडत असणार.

म्हणून माईक जागेवर आणि स्पीकर फिरता. माईक फिरवला की प्रत्येक कोनाला भिंतींपासूनचे अंतर बदलते, स्टँडची जागा बदलते, आणि पहिले परावर्तन वेगळ्या वेळी पोचते. स्पीकर फिरवला की निदान माईक आणि खोली यांचे नाते तसेच राहते.

आता कशाभोवती फिरवायचा? इथे सर्वांत जास्त चुका होतात. कॅबिनेट टर्नटेबलच्या मधोमध ठेवले की ते छान तोलून बसते, म्हणून सगळे तसेच ठेवतात. पण मग फिरण्याचा अक्ष कॅबिनेटच्या पोटातून जातो आणि बॅफल त्याच्या १५ सेंटिमीटर पुढे राहतो. माईक बॅफलपासून एक मीटरवर आहे असे धरून हिशेब करा. ६० अंश फिरवल्यावर ड्रायव्हर १३ सेंटिमीटर बाजूला आणि साडेसात सेंटिमीटर मागे सरकतो. माईकपर्यंतचे अंतर १.०८ मीटर होते, म्हणजे पातळी ०.७ डेसिबलने घसरते. हे एक वेळ चालले असते. पण ड्रायव्हर बाजूला सरकल्यामुळे खरा कोन ६० राहत नाही, तो जवळजवळ ६७ अंश होतो. १३ सेंटिमीटर प्रभावी व्यासाच्या वूफरच्या शंकूला या सात अंशांमुळे २.५ किलोहर्ट्झला आणखी दीड डेसिबलचा फटका बसतो. एकूण चूक दोन डेसिबलच्या पुढे गेली. शिवाय ध्वनी ०.२४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन किलोहर्ट्झला एक आवर्तन अर्ध्या मिलिसेकंदाचे असते, तेव्हा फेज जवळजवळ उलटीच झाली. क्रॉसओव्हर सॉफ्टवेअरला अशी फाईल दिली, तर ते वूफर आणि ट्विटरची बेरीज भलतीच दाखवणार.

अक्ष बॅफलच्या पृष्ठभागातून, ड्रायव्हरच्या मध्यरेषेवरून उभा जायला हवा. हे तपासायला लेझरची गरज नाही, गवंड्याचा ओळंबा पुरतो. टर्नटेबलच्या केंद्राच्या बरोबर वर छताला दोरा बांधून ओळंबा सोडा, दोरा बॅफलला जेमतेम टेकेल असा. आता कॅबिनेट हळूहळू दोन्हीकडे ६० अंशांपर्यंत फिरवा. दोरा ड्रायव्हरच्या मध्यावरच राहिला तर अक्ष बरोबर आहे. फिरवताना दोरा बॅफलवर दाबला जाऊन वाकला, किंवा बॅफलपासून सुटला, तर कॅबिनेट पुढे-मागे सरकवा. पाच मिलिमीटरपर्यंतची चूक सोडून द्यायला हरकत नाही. मापन सुरू करण्याआधी ओळंबा काढायला मात्र विसरू नका.

वूफरच्या शंकूचा ध्वनिकेंद्रबिंदू बॅफलच्या दोन-तीन सेंटिमीटर मागे असतो, मग अक्ष तिथून का नको, असा प्रश्न पडेल. नको, कारण तो मागेपणा हा तुमच्या स्पीकरचा खरा भाग आहे. ऐकणारा माणूस बाजूला सरकतो तेव्हा त्यालाही तो तसाच भेटतो. वूफर आणि ट्विटर दोघांनाही बॅफलचा एकच पृष्ठभाग संदर्भ म्हणून दिला की दोघांमधला उशीर फाईलमध्ये आपसूक नोंदला जातो.

अक्ष बॅफलमधून घेतला की कॅबिनेटचे सगळे वजन मागे लोंबते आणि टर्नटेबल मागच्या बाजूला कलते. दोन अंशांचा कलही आलेखात डोकावतो. उपाय साधा आहे : ३० सेंटिमीटर व्यासाचे फिरते बेअरिंग घ्या, त्यावर कॅबिनेटपेक्षा किंचित अरुंद आणि मागे लांब गेलेली फळी बसवा, आणि तोल सांभाळायला वजन हवे असेल तर ते फळीच्या खालून लटकवा. बॅफलच्या पुढे फळी किंवा वजन आलेले चालत नाही. फळीची दहा सेंटिमीटरची कडही पुढे आली तर ती आरशाचे काम करते. अंशांची पट्टी बेअरिंगच्या कडेला चिकटवा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या परिघावर एक अंश म्हणजे २.६ मिलिमीटर, डोळ्यांनी सहज वाचता येतो. स्टेपर मोटर लावणार असाल तर तिचे गणित आधी करून घ्या. १.८ अंशांच्या पावलात दहा अंश पूर्ण बसत नाहीत. ९ ला १ गिअर घातला की पाऊल ०.२ अंशांचे होते आणि दहा अंशांना नेमकी ५० पावले लागतात. आणि स्पीकरची वायर सैल सोडा. ताठ वायर फिरवलेले कॅबिनेट हळूच परत ओढते, ते लक्षातही येत नाही.

शून्य कुठे आहे हे पट्टी सांगत नाही, मापन सांगते. ड्रायव्हर बॅफलच्या मधोमध असेल तर अधिक ३० आणि उणे ३० अंशांना मोजा आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. आठ-दहा किलोहर्ट्झपर्यंत ते अर्ध्या डेसिबलच्या आत जुळले पाहिजेत. एक बाजू वरच्या फ्रिक्वेन्सींकडे सलग वर-वर जात असेल, तर शून्य त्या बाजूला सरकवा आणि परत मोजा. ट्विटर मध्यापासून बाजूला बसवलेला असेल तर ही चाचणी वूफरवर करा, आणि ट्विटरसाठी दोन्ही बाजूंचे कोन वेगळे मोजा. तिथे एका बाजूचा आलेख दुसरीकडे उलटवून वापरता येत नाही.

आता अंतर आणि खोली. माईक बॅफलपासून एक मीटर, ज्या ड्रायव्हरचे मापन चालू आहे त्याच्या मध्याच्या उंचीवर. वूफर मोजून ट्विटरकडे गेलात की माईकची उंची बदला, अंतर बदलू नका. मोठ्या बॅफलला अंतर वाढवावे लागते. उगमाच्या सर्वांत मोठ्या मापाच्या तिप्पट हा नियम बरा आहे, पण एकटा ड्रायव्हर मोजताना एवढ्या कॅबिनेटला एक मीटर पुरतो. पूर्ण स्पीकर मोजायचा तर दोन मीटर घ्या.

गेट किती मिळेल हे खोलीची उंची ठरवते. छत २.७ मीटरवर असेल तर ड्रायव्हर आणि माईक दोन्ही १.३५ मीटर उंचीवर घ्या, म्हणजे जमीन आणि छत दोन्हींची परावर्तने एकदमच आणि शक्य तितक्या उशिरा पोचतात. सरळ मार्ग १ मीटर, परावर्तित मार्ग २.८८ मीटर, फरक १.८८ मीटर. त्याला ३४३ ने भागले की ५.५ मिलिसेकंद. यातले पाच मिलिसेकंद वापरले तर आलेखात दर २०० हर्ट्झला एक खरा बिंदू मिळतो. मधली गुळगुळीत रेघ सॉफ्टवेअरने काढलेली असते. त्यामुळे २०० हर्ट्झपासून आलेख दिसत असला तरी त्याच्या आकारावर ५०० हर्ट्झच्या खाली विसंबू नका. जमिनीवर गालिचा किंवा फोम टाकला तर उच्च फ्रिक्वेन्सींचे परावर्तन थोडे मऊ होते, गेट लांब होत नाही. बाजूच्या भिंती दीड मीटरपेक्षा जवळ नसाव्यात. खोलीच्या मधोमध, कर्णाच्या दिशेने मांडणी केली की बहुतेक खोल्यांत हे जमते.

तुमच्या तक्रारीचे दुसरे कारण इथेच लपलेले आहे. शून्य अंशाला ड्रायव्हर माईककडे ओरडतो आणि भिंतीकडे पाठ-बगल असते, म्हणून परावर्तन दुबळे दिसते आणि गेट थोडा सैल राहिला तरी आलेख चांगला येतो. ६० अंशांना चित्र उलटते. आता ड्रायव्हरचे तोंड भिंतीकडे, त्या बाजूच्या कपाटाकडे किंवा सोफ्याच्या पाठीकडे आहे, आणि माईककडे येणारा सरळ ध्वनी उच्च फ्रिक्वेन्सींत दहा-वीस डेसिबल खाली गेलेला आहे. अशा वेळी परावर्तन सरळ ध्वनीपेक्षाही मोठे असू शकते. म्हणून गेट शून्य अंशाच्या आवेगावरून (ध्वनी कधी आणि किती पोचला ते दाखवणाऱ्या इंपल्सच्या आलेखावरून) ठरवायचा नाही. आधी ९० अंशांचे मापन घ्या, त्यात पहिले परावर्तन कुठे उठते ते पाहा, आणि तोच गेट सगळ्या कोनांना लावा. प्रत्येक कोनाला हाताने वेगवेगळा गेट लावला की आलेखांचा संच मोडलाच.

गेटच्या आत घुसणारी परावर्तने वेगळी. ती स्टँड, माईकचा क्लँप, टर्नटेबलची कड यांची असतात आणि गेटने जात नाहीत. पण ती ओळखता येतात. आलेखावर समान अंतराने लाटा दिसल्या तर दोन लगतच्या शिखरांमधले अंतर हर्ट्झमध्ये वाचा आणि ३४३ ला त्याने भागा. उत्तर म्हणजे जादा मार्ग, मीटरमध्ये. (फ्रिक्वेन्सीची मोजपट्टी तेवढ्यापुरती लॉगऐवजी सरळ करून घ्या, नाहीतर समान अंतर डोळ्यांना दिसत नाही.) समजा शिखरे दर १७०० हर्ट्झला आहेत. ३४३ भागिले १७०० म्हणजे ०.२ मीटर. २० सेंटिमीटर जादा मार्ग म्हणजे माईकच्या टोकामागे दहा सेंटिमीटरवर काहीतरी आहे, बहुतेक क्लँप. माईक अर्धा मीटर लांब बारीक नळीच्या टोकाला बांधा, क्लँप मागे जाईल आणि लाटा जातील. दर ११०० हर्ट्झला शिखरे असतील तर ३० सेंटिमीटर जादा मार्ग शोधा. तो बऱ्याचदा बॅफलच्या पुढे आलेल्या फळीचा निघतो.

वेळेचा संदर्भ हा पुढचा खांब. दोन चॅनेलचे ऑडिओ इंटरफेस घ्या, एका इनपुटला माईक, दुसऱ्या इनपुटला त्याच इंटरफेसचे आउटपुट वायरने परत आणून जोडा. आरईडब्ल्यू असो वा आर्टा, मापनाचे सॉफ्टवेअर मग प्रत्येक मापनाचा उशीर त्या परत आलेल्या सिग्नलपासून मोजते. आवेगाच्या शिखरावर शून्य वेळ आपोआप बसवण्याची सोय बंद करा. ती चालू असेल तर ७०-८० अंशांना, जिथे आवेग बसका आणि पसरट होतो, शिखर भलत्याच जागी सापडते आणि त्याच्यासोबत गेटही सरकतो. दरवेळी वेगळा आलेख येण्याचे हे तिसरे कारण. यूएसबी माईकमध्ये दुसरा इनपुट नसतो. आरईडब्ल्यूमध्ये दुसऱ्या स्पीकरमधून टिकटिक सोडून वेळ धरण्याची सोय आहे, तीवर निभावते. पण तो दुसरा स्पीकर आणि माईक सगळे मापन संपेपर्यंत तसूभरही हलता कामा नयेत. केवळ पातळीचे आलेख हवे असतील तर यूएसबी माईक चालतो. क्रॉसओव्हर आखायचा तर दोन चॅनेलची वायर हाच खरा मार्ग.

संदर्भ ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवरून घेण्याचा मोह होईल. त्याआधी ॲम्प्लिफायर कोणत्या जातीचा आहे ते पाहा. अनेक क्लास-डी ॲम्प्लिफायरमध्ये दोन्ही टर्मिनल जिवंत असतात, त्यांपैकी एकही जमिनीला जोडलेले नसते. त्याचे काळे टर्मिनल इंटरफेसच्या अर्थला जोडले की शॉर्ट होतो आणि ॲम्प्लिफायर तरी जातो, इंटरफेस तरी.

स्वीप (खालच्या फ्रिक्वेन्सीपासून वरपर्यंत सरकत जाणारा चाचणीचा सूर) लॉगॅरिदमिक घ्या, आणि लहान स्वीपची सरासरी काढण्यापेक्षा एक लांब स्वीप द्या. लांबी दुप्पट केली की गोंगाटाच्या तुलनेत ३ डेसिबल हाती लागतात. ४८ किलोहर्ट्झला पाच-साडेपाच सेकंदांचा स्वीप वूफरला पुरतो. ट्विटरला दहा सेकंदांचा द्या, कारण ९० अंशांना १५ किलोहर्ट्झची पातळी शून्य अंशापेक्षा २० डेसिबल आणि त्याहून जास्त खाली असते. पंखा, एसी बंद. गोंगाट तर जातोच, पण हलणारी हवा वरच्या फ्रिक्वेन्सींची फेजही हलवते.

व्होल्टेज २.८३ ठेवण्याची पद्धत आहे. ते ८ ओहमला १ वॅट आणि ४ ओहमला २ वॅट होतात, एवढे ध्यानात असू द्या. ट्विटरला स्वीप २० हर्ट्झपासून कधीही देऊ नका, ५०० हर्ट्झपासून सुरू करा. ॲम्प्लिफायर चालू करताना दण्णकन आवाज करत असेल तर ट्विटर त्यानंतर जोडा. संरक्षणासाठी कपॅसिटर लावायचा असेल तर ८ ओहमला ४७ मायक्रोफॅरॅडची कट-ऑफ साधारण ४२० हर्ट्झला पडते. मात्र ट्विटरचा इंपिडन्स अनुनादापाशी वर चढतो, त्यामुळे कपॅसिटर दिसतो त्यापेक्षा जास्त वर हात घालतो. तो लावून घेतलेली फाईल क्रॉसओव्हरसाठी तशीच वापरायची नाही.

आता क्रम. ड्रायव्हर पाच-दहा मिनिटे हलक्या सिग्नलवर चालू द्या. शून्य, ९०, मग अधिक-उणे ३० मोजून गेट आणि शून्यबिंदू नक्की करा. मग शून्यापासून दर दहा अंशांनी १८० पर्यंत, एकूण १९ मापने. एकाच दिशेने फिरवत जा, मागे-पुढे करू नका, म्हणजे बेअरिंगचा ढिलेपणा सगळ्यांत सारखा राहतो. वेव्हगाईड (ट्विटरभोवतीचा, ध्वनीला दिशा देणारा उथळ भोंगा) असेल तर पहिल्या ६० अंशांत दर पाच अंशांनी घ्या. शेवटी शून्यावर परत या आणि पुन्हा मोजा. पहिला आणि शेवटचा आलेख ०.२ डेसिबलच्या आत जुळला नाही तर मधले सगळे संशयित. कुठेतरी पातळीची खुंटी हलली, माईक खचला किंवा स्क्रू सैल झाला. या एका पुनर्मापनाला मिनिटही लागत नाही, आणि नेमके तेच टाळले जाते.

तुमच्या तीन संशयितांपैकी नेमका कोणता, हे वेगळे काढता येते. ६० अंशांवर ठेवून, काहीही न हलवता, तीनदा मोजा. इथेच फरक पडत असेल तर गोंगाट किंवा वेळेचा संदर्भ बिघडला आहे. तिन्ही जुळत असतील तर शून्यावर जाऊन परत ६० वर या. आता फरक आला तर टर्नटेबल किंवा ओढणारी वायर. तरीही जुळले, पण खोलीतली मांडणी बदलल्यावर बिघडले, तर गेटच्या आत परावर्तन शिरते आहे.

मागच्या कोनांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ९० च्या पुढे ध्वनी कॅबिनेटला वळसा घालून येतो, या मापाच्या कॅबिनेटला १८० अंशांना साधारण ०.३ मिलिसेकंद उशिरा. गेटची सुरुवात तशीच ठेवा, शेवटाला तेवढी जागा आहे ना ते पाहा. या आलेखांत उच्च फ्रिक्वेन्सी गोंगाटात बुडाल्या तरी ध्वनिशक्तीच्या हिशेबात त्यांचा वाटा नगण्य असतो.

खालच्या फ्रिक्वेन्सींसाठी वूफर अगदी जवळून मोजून जोडावा लागतो. माईकचे टोक शंकूच्या मध्यापासून पाच-सहा मिलिमीटरवर. त्रिज्येच्या ०.११ पटीच्या आत राहिले की चूक एक डेसिबलच्या आत राहते, आणि साडेसहा सेंटिमीटर त्रिज्येला ते ७ मिलिमीटर होतात. डी. बी. कील यांनी १९७४ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही तशीच चालते. या वूफरला ती साधारण ८४० हर्ट्झपर्यंत खरी. तिला तुमच्या बॅफलचे विवर्तन दिसत नाही, ते सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कोनासाठी वेगळे मिळवून मग ३०० ते ५०० हर्ट्झच्या दरम्यान गेटवाल्या आलेखाला शिवायचे. जवळचे मापन सगळ्या कोनांना एकच. जोडाची फ्रिक्वेन्सीही सगळ्या कोनांना एकच.

आलेख वाचताना आधी अपेक्षा काय ठेवायची ते ठरवा. सपाट पिस्टनचे गणित इथे उपयोगी पडते. त्रिज्या साडेसहा सेंटिमीटर असलेला पिस्टन साधारण ८४० हर्ट्झपासून दिशा धरू लागतो, ६० अंशांना २१५० हर्ट्झला आणि ४५ अंशांना २६३० हर्ट्झला तो ६ डेसिबल खाली असतो. २५ मिलिमीटरचा डोम ६० अंशांना ११ किलोहर्ट्झच्या आसपास ६ डेसिबल खाली येतो. वूफरचा खरा शंकू सपाट नसतो, खोलगट असतो आणि वर तुटक कंपायला लागतो, म्हणून वरच्या टोकाला हे आकडे ढळतात. पण दोन किलोहर्ट्झला तुमचा वूफर ६० अंशांना समोरच्याइतकाच दिसत असेल, तर वूफर चमत्कारिक नाही, गेट चुकला आहे.

मग येतो संचाचा खरा उपयोग. एखादे शिखर शून्य, ३०, ६० सगळ्या कोनांना त्याच फ्रिक्वेन्सीवर दिसत असेल, तर तो अनुनाद आहे, शंकूचा किंवा सराउंडचा (शंकूच्या कडेच्या लवचीक कड्याचा), आणि तो फिल्टरने किंवा ईक्यूने (इक्वलायझरने) दाबता येतो. खड्डा कोनासोबत सरकत किंवा बुजत असेल तर ते विवर्तन. तुमच्या बॅफलवर ट्विटर मधोमध आहे, कड दहा सेंटिमीटरवर. कडेवरून उलट्या फेजने निघणारा ध्वनी समोर दहा सेंटिमीटर मागे पडतो, म्हणून १.७ किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा आणि ३.४ च्या आसपास खड्डा अपेक्षित आहे. ३० अंश फिरवले की एका कडेचा जादा मार्ग ५ सेंटिमीटर होतो, दुसरीचा १५, आणि तो खड्डा विखुरतो. शून्य अंशाचा आलेख पाहून हा खड्डा ईक्यूने भरला, तर समोर रेघ सरळ होईल आणि बाकी सगळीकडे ३.४ किलोहर्ट्झला उंचवटा उठेल. तो खड्डा तसाच राहू द्या.

याच कारणाने सगळे आलेख शून्य अंशाने भागून पाहण्याची सवय थोडी जपून वापरा. शून्यात खड्डा असेल तर भागाकारात प्रत्येक कोनाला तिथे खोटे शिखर उगवते. अशा वेळी १० किंवा २० अंशांचा आलेख संदर्भ म्हणून घ्या. गेटने आलेख आधीच गुळगुळीत झालेला असतो, म्हणून स्मूदिंग लावायचेच तर १/२४ अष्टकापेक्षा जास्त नको. उभी मोजपट्टी ५० डेसिबलची ठेवा. १०० डेसिबलच्या पट्टीवर कुठलाही स्पीकर सपाटच दिसतो.

क्रॉसओव्हरची जागा शोधताना वूफर आणि ट्विटरचे ६० अंशांचे आलेख शून्याच्या तुलनेत शेजारी ठेवा. २.८ किलोहर्ट्झला वूफर दहा-अकरा डेसिबल खाली आणि ट्विटर दोन-तीनच खाली असेल, तर समोर कितीही सपाट जोड बसवला तरी बाजूला त्या जागी आवाज एकदम रुंदावतो आणि भिंतींवरून तिखट होऊन परत येतो. फिल्टर बदलून हे मिटत नाही. क्रॉसओव्हर खाली, १.८ ते २ किलोहर्ट्झकडे न्या, ट्विटरला तो भार झेपत असेल तर. नाहीतर ट्विटरला वेव्हगाईड लावा.

उभ्या दिशेचे कोन एकट्या गोल ड्रायव्हरला क्रॉसओव्हरपुरते सोडून दिले तरी चालतात. वूफर-ट्विटर एकत्र झाल्यावर मात्र कॅबिनेट आडवे टाकून हीच मापने परत घ्यावी लागतात, दोन मीटरवरून, वर आणि खाली दोन्ही बाजूंना. फाईलींना नावे मोजतानाच द्या : ड्रायव्हर, आडवे की उभे, आणि चिन्हासह कोन. बहुतेक क्रॉसओव्हर सॉफ्टवेअर नावातूनच कोन उचलतात, आणि उणे ३० ची फाईल अधिक ३० म्हणून गेली तर ती चूक आलेखावर दिसत नाही.